चोचीखालचे दात

दहिवली, कर्जत
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय फिझा,

दुआ.

तुला फोन करणार नाही असं मी अझहरला कबूल केलं होतं आणि दोन वर्षं ते पाळलं. पत्राबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. तुझ्या कॉलेजचा पत्ता तुझ्या मामूंकडून घेतला. त्यांच्यावर रागावू नकोस, ते देत नव्हते, मी रडले म्हणून दिला. तुम्ही नवरा-बायकोने एकमेकांना सोडलंत तो तुमचा मामला. मी कुणाला सोडलेलं नाही, एवढं आधी लिहून ठेवते.

आता काम सांगते.

रविवारी इथल्या एका फार्महाऊसवर चाळीसेक माणसांचं जेवण माझ्याकडे होतं. तू असताना मी नुसते डबे करायची, आता अशी जेवणंही घेते. बिर्याणी, तांदळाच्या भाकऱ्या, कोळंबीचं सुकं. हाताखाली भागूबाई असते. तू गेल्यानंतर ती कामाला लागली, म्हणून तुला माहीत नाही. तिचा नवरा धाकलू शेती करतो आणि नदीत मासे धरून नाक्यावर विकतो. संध्याकाळी पाहुण्यांपैकी सात-आठ जणांना उलट्या-जुलाब सुरू झाले. एका लहान मुलीला दवाखान्यात ठेवावं लागलं, अजून सलाइनवर आहे. मी रोज जाऊन येते. तिची आई माझ्याशी बोलत नाही, पण दाराबाहेरच्या बाकावर बसू देते.

सोमवारी फार्महाऊसचा मॅनेजर सहदेव घरी आला. त्याचं म्हणणं असं, की भागूबाई सकाळी येताना पिशवीतून नदीची कोळंबी घेऊन आली होती, ती त्याने स्वतः पाहिली. गेल्याच आठवड्यात नदीच्या वरच्या डोहात कुणीतरी औषध टाकून मासे मारले होते, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे बाईने ती औषधाची कोळंबी आपल्यात मिसळली आणि तेवढी चांगली कोळंबी घरी नेली. भागूबाई म्हणते, पिशवी नाक्यावर विकायला आणली होती आणि कामावर यायच्या आधीच विकली. कोणाला विकली ते तिला आठवत नाही. पोलिसांनी धाकलूला बोलावून बसवून ठेवलं. सुटून आला, तर नाक्यावर दोघा-तिघांनी त्याला ढकललं आणि टोपली नाल्यात फेकली.

सहदेव जाताना म्हणाला, "चाची, तुम्ही फक्त म्हणा, तिने मिसळली. तुमचं काम चालू राहील."

मी म्हटलं, विचार करून सांगते.

भागूबाई कोळंबीची डोकी आणि टरफलं घरी नेते, वाळवून कोंबड्यांना घालते. रविवारचं सगळं तिच्या पत्र्यावर वाळत होतं, ते मी पिशवीत भरून आणलं. तू मागे एकदा ओट्याशी उभी राहून सांगत होतीस की नदीची आणि समुद्राची कोळंबी दिसायला बहिणी, पण नातं लांबचं. फरक कुठे बघायचा तेही सांगितलं होतंस. मला आता काही आठवत नाही. इथल्या कॉलेजात विचारायला गेले तर गावभर होईल. मला चष्मा आहे, बोटं चांगली आहेत आणि दुपारी वेळ असतो. काय बघायचं ते लिही.

अझहर बरा आहे. मोहोपाड्याला कंपनीत जातो-येतो. त्याच्याबद्दल एवढंच.

तुझी
नसीबा


रत्नागिरी
१८ नोव्हेंबर

अम्मी,

सलाम. दुसरं काही म्हणायची मला सवय नाही, म्हणून हेच लिहिते.

वाळलेली डोकी कोमट पाण्यात तासभर भिजवा, नाहीतर पाय मोडतील. कोळंबी साफ करताना चालायचे पाय डोक्याबरोबर निघून येतात, त्यामुळे ते तिथेच असतील. पाच जोड्या. पुढून मोजायच्या. समुद्राची जी कोळंबी आपण बाजारातून आणतो, तिच्या पहिल्या तिन्ही जोड्यांच्या टोकाला बारीक चिमटा असतो. नदीच्या कोळंबीला पहिल्या दोनच जोड्यांना. तिसरा पाय नुसता टोकदार. तिच्या दुसऱ्या जोडीचा चिमटाही लांब असतो, खेकड्याच्या नांगीची आठवण येईल असा. तिसऱ्या पायावर लक्ष ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

मग टरफलं. एखादं अख्खं निघालेलं शोधा. समुद्राच्या कोळंबीच्या पाठीवरच्या कड्या कौलांसारख्या बसतात, पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर. नदीच्या कोळंबीत दुसरी कडी बाजूने रुंद आणि गोल असते, पुढच्या-मागच्या दोन्हींवर चढलेली. आणि आतून अंडी चिकटलेली दिसली तर ती नदीची. नदीची मादी अंडी पोटाखाली घेऊन फिरते. आपली ही समुद्राची कोळंबी ती पाण्यात सोडून मोकळी होते.

डोक्यावरची करवतीसारखी चोचही बघा. वरून दात सगळ्यांनाच असतात. खालून नख फिरवा. खोपोलीच्या इद्रिसमामूंच्या दुकानातली नेहमीची कोळंबी असेल तर खालून गुळगुळीत लागेल.

एक सांगते, वाईट वाटून घेऊ नका. कुणाला वाचवायचं हे आधी ठरवून मोजायला बसू नका. आणि चार डोकी बघून थांबू नका, सगळी बघा. एखादं वेगळं निघालं तर बाजूला ठेवा, फेकू नका.

मी बरी आहे. शिकवते, मुलींच्या हॉस्टेलची वॉर्डनही मीच. घर नाही, खोली आहे, पण खिडकीतून खाडी दिसते. त्या लहान मुलीचं कळवा.

फिझा


दहिवली
२५ नोव्हेंबर

प्रिय फिझा,

मुलगी आता जेवते. शनिवारी घरी सोडतील म्हणतात.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी गच्चीत परात घेऊन बसले. सगळी डोकी बघितली. काहींचे पाय मोडले होते, ती सोडून दिली. बाकी प्रत्येकाच्या तिसऱ्या पायाला चिमटा. अगदी इवलासा, सुईच्या नाकाएवढा, पण आहे. कड्या कौलांसारख्या. अंडी कुठेच नाहीत. एकही नदीची नाही, फिझा.

आता पहिल्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते. ती पिशवी मीही पाहिली होती. आणि सहदेव म्हणत होता ते मला खरं वाटत होतं. विचार करून सांगते म्हटलं ते भागूबाईला वाचवायला नाही. तिच्यावर बोट ठेवायच्या आधी माझी खात्री करून घ्यायला.

मी रिक्षा करून तिच्या घरी गेले. तिला पाय दाखवले, चिमटे दाखवले, आता मी सहदेवला सांगते म्हटलं. तिला आनंद होईल असं मला वाटत होतं. तिने सगळं ऐकून घेतलं, तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "मला म्हाईत व्हतं, भाभी. तुमाला मोजावं लागलं."

मी पाणी प्यायले आणि तांब्या परत दिला.

सहदेवकडेही गेले. तो हसला. म्हणाला, चाची, टरफलं तिच्याच घरातनं आली, तिनं नदीची काढून टाकली असतील. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. टरफलं तिच्या पत्र्यावर होती हे मीच त्याला सांगितलं.

पण दुसरीच एक भानगड निघाली आहे. चोचीला खालून नख फिरवलं, तर बरीच गुळगुळीत लागली आणि बरीच लागली नाहीत. खालून दोन दात. निम्म्याला थोडी कमी भरतील एवढी डोकी तशी आहेत. मी त्या दिवशी कोळंबी निवडायला बसलेच नव्हते, मी बिर्याणीच्या चुलीपाशी, भागूबाई मागच्या पडवीत. तिला विचारलं, दोन तऱ्हेची होती का गं? ती म्हणाली, "मी नीट बघितलं नाय," आणि कोंबड्यांना हाकलायला उठली.

फार्महाऊसच्या किचनमध्ये मोठा फ्रीजर आहे. त्यांच्याच स्वयंपाक्याने आपली शिळी कोळंबी माझ्यात ढकलली असणार, माझी खात्रीच झाली आहे. दोन्ही तऱ्हेची डोकी वेगवेगळ्या डब्यांत घालून पार्सल पाठवलंय. डब्यांवर चिठ्ठ्या आहेत. तू सांग ही दुसरी कोण आणि कुठली. तू लिहून दिलंस की सहदेवच्या तोंडावर नेऊन ठेवते.

खाडी दिसते ते वाचून बरं वाटलं. मी माहेर सोडल्यापासून मला खिडकीतून पाणी दिसलेलं नाही.

तुझी
अम्मी


रत्नागिरी
२ डिसेंबर

अम्मी,

सलाम. पार्सल नीट पोचलं. तुम्ही डब्यांवर 'गुळगुळीत' आणि 'दातवाली' लिहिलंत, माझ्या विद्यार्थ्यांना एवढ्या स्वच्छ चिठ्ठ्या लिहिता येत नाहीत.

गुळगुळीत आहे ती आपली नेहमीची कोळंबी, उरण-अलिबागकडे जाळ्यात येते ती. लहान-मोठी मिसळलेली आहे, जशी समुद्रातून येते तशी.

दातवाली म्हणजे वनामी. ही मूळची आपल्या समुद्रातली नाही, लांबून बी, म्हणजे इवली पिल्लं, आणून तळ्यांत वाढवतात. मी तीन गोष्टींवरून सांगते आहे. चोचीला खाली दोन दात, क्वचित तीन. आपल्याकडची पांढरी कोळंबी असती तर बहुतेकदा चार-पाच मिळाले असते. दुसरं, माद्यांची शेवटच्या पायांमधली जागा मी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. आपल्या पांढऱ्या कोळंबीत तिथे खिशासारखं झाकण असतं, हिच्यात ती जागा उघडी आहे. तिसरं तुम्हालाही दिसेल, सगळी डोकी एका मापाची आहेत. एकाच तळ्यात एकाच दिवशी बी सोडून वाढवलेली असतात तेव्हा असं होतं. तुमच्याकडे ही बहुतेक फ्रीजरमधूनच मिळत असणार.

सहीशिक्क्याचा कागद सोबत जोडला आहे. पण त्यात मी काय लिहिलं आहे ते नीट वाचा. दोन जातींची कोळंबी होती आणि त्यात नदीची नव्हती, एवढंच लिहिलं आहे. कोण कशाने आजारी पडलं हे टरफलावरून कळत नाही. कुणी आणली हेही कळत नाही. फ्रीजर फार्महाऊसवर आहे म्हणून ती तिथली, असं मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. एकावर खोटं बोट ठेवलेलं पुसायला दुसऱ्यावर ठेवायचं नाही.

त्या दिवशी बाजार कुणी केला?

फिझा


दहिवली
१४ डिसेंबर

प्रिय फिझा,

उत्तराला उशीर झाला. तुझी ती शेवटची एक ओळ सोडून बाकीचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

बाजार अझहरने केला. त्याची शनिवारची पाळी सुटली की येता येता खोपोलीत इद्रिसच्या दुकानातून माल घेऊन ये, असं मी सांगितलं होतं.

बुधवारी मी खोपोलीला गेले. इद्रिसने खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "आपा, त्या दिवशी उरणचा टेंपोच अर्धा आला. जेवढी होती तेवढी दिली. मी त्याला म्हटलं, अम्मीला सांग, चिकन वाढव." मी म्हटलं, हो, सांगितलं होतं त्याने. इद्रिसशी खोटं बोलले आणि परत आले.

काल जुम्म्याची नमाज पढून अझहर जेवायला बसला, तेव्हा ताटाशेजारी बशी ठेवली. बशीत दोन डोकी. चोचीखालून नख फिरव, असं सांगितलं. त्याने आधी एकाला फिरवलं, मग दुसऱ्याला, आणि हात मागे घेतला. मला काही समजवावं लागलं नाही.

"मी सांगणारच होतो, अम्मी."

"कधी?"

त्याने ताट थोडं पुढे सारलं. मग म्हणाला, "लग्न झाल्यावर."

हे लिहून गेले. आता खोडत नाही. अझहरचं लग्न ठरलंय, पुढच्या महिन्यात आहे. खोपोलीची मुलगी, उमैमा नाव. तुला कसं कळवावं याचा विचार पहिल्या पत्रापासून करत होते आणि शेवटी हे असं कळवलं.

मग त्याने सगळं सांगितलं. कमी पडलेली कोळंबी त्याने साजगावात ओवेसकडून घेतली. ओवेस तुला माहीत आहे, शाळेपासूनचा दोस्त, आता त्याचं चिकनचं दुकान आहे. आदल्या रात्री तिकडे लाइट नव्हती. त्याच्या फ्रीजरमधली कोळंबीची पाकिटं मऊ पडली होती. ओवेस म्हणाला, उद्याच शिजवणार ना, काही होत नाही. अझहरला वाटलं, अम्मीची एवढी मोठी ऑर्डर, ऐन वेळी कमी पडायला नको. त्याने दोन्ही एकत्र केली आणि मला सांगितलं की सगळी इद्रिसची. वाईट हेतू नव्हता, एवढं मी आई म्हणून नाही, तशीही म्हणेन. त्या दिवसापुरतं म्हणेन. पुढचं नाही.

कारण भागूबाईने हात लावल्याबरोबर त्याला सांगितलं होतं, ही मऊ आहे, वास येतोय. तो म्हणाला, बर्फ वितळला असेल, अम्मीला सांगू नकोस, तिचं बीपी वाढतं. ती नाही बोलली. नंतर तिच्यावर आळ आला, तरी नाही बोलली. धाकलूला बसवून ठेवलं, टोपली नाल्यात गेली, तरी नाही. आणि हा रोज कंपनीत जात होता, रोज घरी येऊन जेवत होता.

मी त्याला ओरडले नाही. जेव म्हटलं. तो जेवला नाही. पोलिसांत नाव गेलं तर नोकरी जाईल, खोपोलीवाले लग्न मोडतील, असं सांगत राहिला. एकदा म्हणाला, "हे फिझाने ओळखलं ना? ती का सोडेल." तेव्हा मात्र माझा आवाज चढला. तुझ्या कागदात त्याचं नाव नाही, कुणाचंच नाही, हे त्याला वाचून दाखवलं. त्याने कागद हातात घेऊन पुन्हा वाचला.

शेवटी मी त्याला म्हटलं, "तू गेला नाहीस तर मी जाईन. मी गेले तर लोक म्हणतील, आईने पोराला धरून दिलं. तू गेलास तर म्हणतील, पोराने सांगितलं. तुझ्यासाठी मी एवढाच फरक ठेवू शकते."

आज सकाळी तो गेला. स्कूटरवर बसून बराच वेळ तसाच होता, मी खिडकीतून बघत होते. मग चालू केली.

अजून आला नाही. तो आत्ता चौकीत आहे की रेल्वे स्टेशनात गाडीत बसलाय, मला माहीत नाही. पत्र आत्ताच पेटीत टाकते. काय झालं ते कळल्यावर लिहायला बसले, तर यातलं बरंच वगळेन.

अम्मी


दहिवली
३० डिसेंबर

प्रिय फिझा,

तुझी चार ओळींची चिठ्ठी मिळाली. लग्नाचं तुला आधीच कळलं होतं आणि मी लपवतेय हेही कळलं होतं, हे वाचून मी एकटीच हसले. चिठ्ठीत तू त्याच्याबद्दल एक शब्द वाकडा लिहिला नाहीस. मी तो शोधत होते, का ते माहीत नाही.

तो चौकीतच गेला होता. जबाब लिहून दिला. ओवेसच्या फ्रीजरची तपासणी झाली, दुकान सध्या बंद आहे. ओवेसने रस्त्यात अझहरची कॉलर धरली. अझहर म्हणतो, मी कॉलर सोडवून घेतली नाही. माझं काम थांबवलंय. अन्नखात्याचे साहेब आले, भांडी बघितली, पाण्याची टाकी बघितली, चांगलं बोलले, पण परवाना परत मिळेपर्यंत चूल बंद. अझहरला तारखांना जावं लागेल. कंपनीने अजून काही म्हटलेलं नाही.

मुलगी शाळेत जायला लागली. मी तिच्या घरी गेले, सगळं खरं ते सांगितलं. तिची आई बराच वेळ ऐकत होती. म्हणाली, "तुम्ही रोज बाकावर बसायचात तेव्हा मला तुमचा राग यायचा. आता कुणाचा राग करू?" मी म्हटलं, करायचा असेल तर करा, मी येत जाईन.

मग भागूबाईकडे. मी अझहरबरोबर गेले नाही, रिक्षातून मागून गेले आणि बाहेर थांबले. तो ओट्यावर उभा राहून बोलला, बसला नाही. भागूबाई तांदूळ निवडत होती, तिने वर बघितलं नाही. धाकलूच बोलला. त्याला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"मला घरात सांगून काय करू? माजी टोपली नाक्यावर फेकली. नाक्यावर येऊन सांग."

रविवारी नाक्यावर गर्दी असते. धाकलू नवी टोपली घेऊन बसला होता. अझहर त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. जो थांबेल त्याला सांगत होता, की फार्महाऊसवरची कोळंबी मी आणली होती, खराब होती, यांचा संबंध नाही. काही जण ऐकून पुढे गेले. एकाने मोबाइल काढून शूटिंग केलं. ज्यांनी टोपली फेकली होती त्यांतला एक जण आला, ऐकलं, आणि काही न बोलता धाकलूकडून मासे घेऊन गेला. अझहर दुपारपर्यंत उभा होता. मी समोरच्या मेडिकलच्या पायरीवर बसले होते. आपलं मूल भर बाजारात असं उभं राहिलेलं बघायला कुठल्या आईला आवडेल, पण मी उठले नाही. टोपली रिकामी झाल्यावर धाकलूने त्याला म्हटलं, "जा आता. ऊन लागलंय तुला."

भागूबाई कामाला परत येईल का, हे मी विचारलं नाही. विचारायचा हक्क मला राहिलेला नाही. ती आपणहून म्हणाली, "चूल पेटली की निरोप धाडा, भाभी. येन. पन त्या दिवशी तुमी माज्या पिशवीकडं बघितलं, ते मला दिसलं व्हतं." ते आमच्यात राहील. ती येईल, मीही बोलावीन, आणि ते राहील.

आता शेवटचं. हे लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला.

गुरुवारी उमैमा आली. मोठा भाऊ बरोबर होता, त्याला तिने खालीच थांबवलं. नाक्यावरचं शूटिंग तिच्यापर्यंत पोचलं होतं. तिचे वडील म्हणत होते, मुलाने स्वतःहून कबूल केलं, खानदानी आहे, लग्न करून टाकू. तिने चहा घेतला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "त्यांनी आपणहून सांगितलं, की पकडले गेल्यावर?"

माझ्या तोंडात दुसरं उत्तर तयार होतं. अझहर कंपनीत होता. ऐकायला आम्ही दोघीच.

मी म्हटलं, "आधी पकडला गेला. मग सांगितलं."

तिने मान हलवली. रडली नाही, चिडली नाही. म्हणाली, लग्न पुढच्या महिन्यात नको, मला थोडे दिवस हवेत, अब्बांना मी सांगेन. अझहरला तिने स्वतःच फोन करून तेच सांगितलं. होईल की नाही, मला माहीत नाही. आज सकाळी उठून त्याने पाण्याची टाकी घासली, साहेबांनी सांगितलं होतं म्हणून.

जाताना ती दारात थांबली. कपाटावर तुझा कागद होता, तो तिने वाचला असावा. म्हणाली, "ज्यांनी हे ओळखलं, त्या त्यांच्या पहिल्या बायको ना?"

मी हो म्हटलं.

"तुम्ही त्यांना अजून लिहिता. त्या तुमच्या कोण लागतात आता?"

मी नातं शोधत राहिले. सून म्हणायला जागा नव्हती, लेक म्हटलं तर तुझ्या आईचा हक्क मारल्यासारखं झालं असतं. ती पोरगी चपला घालून उत्तराची वाट बघत उभी होती.

"माझी आहे," मी म्हटलं.

अम्मी